मेंढरं बसलेलं रान

बानूबाई करे यांचं शेहेचाळीस गुंठे रान मी एका बोटानं पडीक करून टाकलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. पस्तीस वर्षांची शेती मोडायला त्या बोटाला दीड सेकंद पुरला.

त्याचं असं झालं. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या अलीकडं एक वळणरस्ता निघणार होता. कारखान्यांचे ट्रक गावातनं जाऊ नयेत म्हणून. ज्यांची जमीन त्यात जाणार, त्यांच्या रानात संयुक्त मोजणी चालली होती. म्हणजे मोजणीवाले, शेतीखात्याचे, बांधकामवाले असे सगळे मिळून रानात उतरतात आणि कुणाचं किती जातंय, त्यात झाडं किती, विहीर आहे का, पाइप आहे का, रान कुठल्या प्रकारचं, ते लिहून घेतात. लिहून घेतात म्हणजे मोठी माणसं सांगतात आणि माझ्यासारखा कंत्राटी डिप्लोमावाला ते टॅबमध्ये भरतो. याच नोंदीवर पुढं मोबदला ठरतो. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ट्रेनिंगमध्ये वडापाव चांगला होता, तो लक्षात राहिला.

एप्रिल महिना, दुपारचे बारा. टॅबची बॅटरी नऊ टक्के. मंडळी बाभळीखाली पाणी प्यायला थांबली होती. मला म्हणाली, "सुमित, तेवढा शेवटचा गट तू उरकून ये." मी गेलो, तर रानात पीक नाही, माणूस नाही, नुसती मेंढरं. शंभर-सव्वाशे मेंढरं रानभर पसरून निवांत रवंथ करत होती. टॅबवर जमिनीच्या प्रकाराला चार खाने : बागायत, हंगामी बागायत, जिरायत, पडीक. 'मेंढरं बसलेली' असा खाना नव्हता. माझं सगळं लहानपण वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेतीशी संबंध म्हणजे आईनं डालड्याच्या डब्यात लावलेला कढीपत्ता. माझ्या हिशेबानं मेंढरं असतात ते माळरान, आणि माळरान म्हणजे पडीक. दाबलं बोट. नियमाप्रमाणं बारा फोटो काढले, त्यातले निम्मे मेंढरांच्या पाठीचे, आणि सावलीत परत आलो. संध्याकाळी सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. मीही केली, खाली दोन टिंबं देऊन, झोकात.

त्या दोन टिंबांच्या मागावर बानूबाई सात महिन्यांनी आल्या.

इंदापुरात एस.टी. स्टँडच्या मागं, औषधाच्या दुकानावर आमच्या एजन्सीचं ऑफिस होतं. दिवाळी नुकती झाली होती. जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि दारात एक बाई उभी राहिली. हिरवं काष्ट्याचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढा भंडारा, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. काखेत पिशवी.

"सुमित कोन हितं?"

"मीच."

त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं. बाजारात जनावर बघतात तसं. "लई बारीक हाय की," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. "यादी लागलीया. त्यात माझं रान पडीक लिवलंय. खाली तुजी सही हाय म्हनं. साहेबतात्यानं वाचून दावली. पडीक म्हंजी काय रं?"

"म्हणजे मावशी, ज्या जमिनीत काही पिकवत नाहीत, ती."

त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या टेबलावर एक कांदा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या कीबोर्डवर चौथा. चांगले मुठीएवढे, लालभडक, पापुद्रा चकाकणारे.

"मंग ह्ये आभाळातनं पडल्यात व्हय?"

ऑफिसातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कांद्यांकडं बघायला लागलो. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणाऱ्या माणसाला नियम सांगता येतात. त्यांनी चहा मागितला, बशीत ओतून प्याल्या, आणि मग शांतपणे मुद्द्याचं बोलल्या.

"हे बघ लेका. रस्ता व्हनार, त्याला माझी ना न्हाय. पिंपळीला माझ्या भनीच्या शेजारी एक तुकडा इकायला निघालाय. पाण्याखालचा. मालक उन्हाळ्यापतुर थांबतो म्हनलाय. बागायताचा मोबदला मिळाला तर त्यो तुकडा येतोय. पडीकाच्या पैशात मला पडीकच मिळंल. आन् पडीकाचं रान करायला आता कंबर ऱ्हायली न्हाय."

"चूक माझी आहे, मावशी."

"त्ये दिसतंयच."

"मी भरपाई करीन."

"तुज्याकडं काय हाय भरपाई करायला?" त्यांनी पुन्हा एकदा मला खालपासून वर बघितलं. "पैसं नगं. एक दीस मेंढरामागं चालायचं. सकाळपास्नं कळप बसंपतुर. म्हंजी कळंल, मेंढरू चरतंय कुठं आन् बसतंय कुठं. कबूल?"

म्हटलं, कबूल. एक दिवस चालायचं, त्यात काय एवढं.

आता ही बाई कोण, ते सांगायला पाहिजे. कारण मला ते नंतर कळलं, आणि आधी कळलं असतं तर बोट आखडलं असतं.

करे म्हणजे धनगराचं घर. बानूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घराला जमीन नव्हती, कळप होता. सात-आठ वर्षं त्या नवऱ्याबरोबर मेंढरांमागं फिरल्या. थोरला मुलगा बिरू घाट उतरताना घोड्यावरच चालायला शिकला, असं त्या सांगतात. घोड्यावर चालायला कसं शिकतात हे मी विचारलं नाही. मग एक वर्षी नवऱ्यानं निम्मा कळप विकून हे शेहेचाळीस गुंठे घेतले. लोक हसले, कारण त्यात माती कमी आणि दगड जास्त. नवरा उरलेल्या मेंढरांमागं निघून गेला, बानूबाई दगड वेचायला राहिल्या. दोन उन्हाळे दगड वेचले. त्याचा बांध अजून आहे, कमरेएवढा, चारी बाजूंनी. तिसऱ्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ डोक्यावरून आणून टाकला. तेव्हा ट्रॅक्टर भाड्यानं मिळत होता, पण भाडं मिळत नव्हतं.

रान झालं, पाणी नव्हतं. शेजारच्या गटात साहेबराव सोनवणे, म्हणजे यादी वाचून दाखवणारे साहेबतात्या, यांची विहीर. साहेबराव तेव्हा एस.टी.त कंडक्टर होते. वडिलांनी खणलेली विहीर, पाणी भरपूर, पण रान निकस झालेलं. एक दिवस ते बांधावर येऊन म्हणाले, "बानूवैनी, तुमची मेंढरं दर साली माझ्या रानात आठ दिवस बसवा. मी तुमाला आठवड्यातनं एक दिवस पाणी देतो." ठरलं. मेंढरं बसली, लेंड्या-मुताचं खत रानात जिरलं, साहेबरावांचा ऊस छातीला होता तो डोक्यावर गेला. बानूबाईंनी जुने पाइप आणून विहिरीपासून आपल्या रानापर्यंत पुरले, टोकाला सिमेंटचं चेंबर बांधलं. शुक्रवार हा बानूबाईंच्या पाण्याचा वार. पस्तीस वर्षांत एक शुक्रवार चुकला, साहेबरावांच्या आई वारल्या तेव्हा, आणि तो त्यांनी रविवारी भरून दिला. नवरा गेला, बिरू कळप सांभाळायला लागला, साहेबराव रिटायर झाले. शुक्रवार चालूच.

एवढं सगळं खरं, पण कागद एकही नाही. ते मला डिसेंबरात पायपीट करून कळलं. बानूबाईंनी हरकतीचा अर्ज दिला होता, सुनावणीची तारीख पडली होती, आणि मी रविवारी-सुट्टीच्या दिवशी पुरावा हुडकत फिरत होतो. बाजारात कांदा विकल्याच्या पट्ट्या बघाव्यात, तर त्या बिरूच्या नावाच्या. त्यावर रान कुठलं ते लिहिलेलं नसतं. वीजबिल बघावं, तर मोटर साहेबरावांची. सातबाऱ्यावर पीक बघावं, तर तो रकाना सहा वर्षं कोरा.

"मावशी, पीकपाहणी का केली नाही? आता तर फोनवर होते."

"फोनवर व्हते. फोन कुठं हाय?"

"बिरूभाऊंकडं आहे की, मोठा स्क्रीनचा."

"बिरू कुठं हाय?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात चांगला फोन एकच, आणि तो मेंढरांबरोबर. दिवाळीनंतर कळप कोकणात उतरतो, होळीला परत येतो. रब्बीची पीकपाहणी नेमकी मधल्या दिवसांत. आणि ती करायला रानात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. कांदा इथं, कॅमेरा रोह्याच्या बाजूला. असं सहा वर्षं.

आमच्या एजन्सीचा सुपरवायझर ऋषिराज. वाईट माणूस नाही, फक्त घाबरट आहे, आणि ते इस्त्रीच्या शर्टाखाली झाकतो. त्यानं मला बाजूला घेतलं. "सुमित, समाजसेवा पुरे. तू चूक कबूल केलीस की तुझ्या सहीवर बोट, मग माझ्या सहीवर. मार्चमध्ये कंत्राट वाढवायचंय ना? म्हातारीला म्हणावं, कागद आण. कागद आणला तर तिचं काम होईल, नाही आणला तर नाही होणार. आपण मध्ये कुठं येतो?"

आपण मध्येच होतो, पण त्याला ते कोण सांगणार.

सुनावणीच्या आदल्या रविवारी मी करेवस्तीवर गेलो, हात हलवत. बांधावर उभा राहिलो. रानात नवा कांदा लागला होता. हिरव्या रेघा अशा सरळ, की आमच्या ड्रॉइंगच्या सरांनीही नमस्कार केला असता. मी म्हटलं, "हेच दाखवू की साहेबांना!" साहेबराव तिथंच होते, शुक्रवार नसताना. त्यांनी मान हलवली. "आजचा कांदा कुनीबी धरत न्हाय, सुमितराव. रस्ता येतोय कळल्यावर लोकं एका रात्रीत आंब्याची बाग लावत्यात. मोजनीच्या दिवशी काय हुतं, ते पायजे."

मोजणीच्या दिवशी काय होतं ते फक्त माझ्याकडं होतं : बारा फोटो, निम्मे मेंढरांच्या पाठीचे. दुसरं काही दाखवायला नव्हतं म्हणून मी टॅब काढला. बानूबाईंनी दोऱ्याचा चष्मा नाकावर बसवला.

"ही भुरी," त्या म्हणाल्या. "ह्यो नर, औंदा इकला. ही कानकापी. ही भुरीची लेक."

"मावशी, मेंढरं नका बघू. रान बघा."

"रानच बघतीया. गप ऱ्हा." त्यांनी बोटानं फोटो सरकवला. मग पुढचा. मग एकदम टॅब छातीजवळ ओढला. "अगं बया. छकुली!"

छकुली म्हणजे काळ्या तोंडाची एक मेंढी. आई मेलेली, बानूबाईंनी बाटलीनं वाढवलेली, घरात शिरून भाकरी पळवणारी. श्रावणात ती गेली होती. बानूबाईंनी पदरानं चष्मा पुसला, मग टॅबची काच पुसली. मला वाटलं, आता रडतील. पण त्या फोटोतच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पानी पितीया."

"काय?"

"छकुली. पानी पितीया बघ की. तोंड खाली हाय."

मी फोटो मोठा केला. मेंढरांच्या पाठींच्या पलीकडं, कोपऱ्यात, सिमेंटचं चेंबर. त्यात काठोकाठ पाणी. पाण्यावर ऊन चमकतंय, आणि छकुलीचं काळं तोंड त्यात बुडालेलं. मी फोटो अजून मोठा केला. बसलेल्या मेंढरांच्या पोटाखालून मातीच्या आडव्या-उभ्या कडा दिसत होत्या. वाफे. कांदा काढलेले वाफे, आणि त्यावर वाळलेली पात, जी बाकीची मेंढरं आरामात चघळत होती. खाली पिवळ्या अक्षरांत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. एप्रिल, दुपारी बारा वाजून सात मिनिटं.

आठ महिने तो फोटो माझ्या टॅबमध्ये होता. मी काढलेला. त्यात दिसत होतं ते सगळं मी सोडून सगळ्यांना दिसलं असतं.

साहेबराव वाकून बघत म्हणाले, "सुमितराव, तुमी फोटो चांगलं काढता. फकस्त बगत न्हाय."

सुनावणी बारामतीला होती. आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.नं गेलो. साहेबरावांनी सगळ्या रस्त्यानं कंडक्टरच्या चुका काढल्या. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, पांढऱ्या टोप्या, फायली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले उतारे. समोर सुनावणी घेणाऱ्या मॅडम. चाळिशीच्या, आवाज खणखणीत. आमच्या आधी एकाचा नंबर होता, त्यानं खडकाळ रानात चारशे आंबे दाखवले होते. मॅडमनी विचारलं, "आंबे कधी लावले?" तो म्हणाला, "दहा वर्सं झाली." मॅडम म्हणाल्या, "मग रोपांना नर्सरीच्या पिशव्या अजून कशा?" आणि त्याला खाली बसवलं. बानूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बाई खमकी हाय. बरं झालं."

मग नाव पुकारलं. बानूबाई उठून पुढं गेल्या. मॅडमनी कागद चाळले.

"आजी, सातबाऱ्यावर पीक नाही. गटात विहीर नाही. वीजबिल नाही. आज कांदा उभा आहे म्हणता, तो मला चालत नाही. मोजणीच्या दिवशी रानात काय होतं?"

"मेंढरं हुती."

ऋषिराज आमच्या एजन्सीतर्फे एका बाजूला उभा होता. तो हलकेच हसून म्हणाला, "तेच नोंदवलंय मॅडम. चराऊ, पडीक."

"थांब की बाबा," बानूबाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या. "मेंढरं बसवली हुती. चरनं येगळं आन् बसवनं येगळं. मेंढरं चरत्यात माळावर. बसत्यात पिकाच्या रानात. कळप रानात बसला की खत व्हतंय, म्हनून लोक आमाला पायली-पायलीनं धान्य देऊन मेंढरं बसवून घेत्यात. पडीक रानाला कोन खत घालतंय, मॅडम? गरीब असू, पर येडं न्हाय आमी."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "खरं हाय." मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "पटतंय. पण पटलेलं मला लिहिता येत नाही, पुरावा लागतो."

आता माझी पाळी होती. ऋषिराजनं माझ्याकडं असं बघितलं, की मार्चचं कंत्राट मला त्याच्या डोळ्यांत फाटताना दिसलं. तरी मी उठलो. उठलो म्हणजे बानूबाईंनी मागं वळून नुसतं "सुमितराव" म्हटलं, आणि मी उठलेला होतो.

"मॅडम, मोजणीच्या दिवशीचा फोटो आहे. ऑफिसच्याच रेकॉर्डवर आहे."

फोटो भिंतीवरच्या पडद्यावर आला. माणूसभर उंचीच्या मेंढ्या. बानूबाई पडद्याजवळ गेल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या, शाळेत बाई फळा वाचून दाखवतात तशा. "ह्ये वाफं. ही कांद्याची पात. ह्ये चेंबर. ह्यात पानी, आन् ही पानी पितीया ती माझी छकुली. आता न्हाय ती. श्रावनात गेली. आंबं लावता येत्यात रातोरात, मेल्यालं मेंढरू फोटूत आनून कोन हुबं करंल?"

मॅडम खुर्ची सोडून पडद्याजवळ आल्या. खालची तारीख वाचली. चेंबर बघितलं.

"फोटो कोणी काढला?"

"मी," म्हटलं.

"आणि पडीक कोणी लिहिलं?"

"मीच."

"एकाच दिवशी?"

"एकाच मिनिटाला, मॅडम."

या वेळी त्याही हसल्या. सगळा हॉल हसला. एवढ्या माणसांना एकदम हसवायची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्यासाठी मला काही खास करावं लागलं नाही.

"पाणी कुठलं?" मॅडमनी विचारलं.

मागून खुर्ची सरकली. "जय भीम, मॅडम. साहेबराव सोनवणे, रिटायर कंडक्टर. पाणी माझ्या विहिरीचं. आठवड्यातनं एक वार. बदल्यात ह्यांची मेंढरं माझ्या रानात बसत्यात."

"काही लिखापढी?"

"न्हाय. बिनतिकिटाची चालवलेली ही एकच गाडी."

"आता लेखी द्याल?"

साहेबरावांनी खिशाला लावलेलं पेन काढलं. "पोरगं म्हनालं, अण्णा, लिवून देऊ नका, उद्या विहिरीवर हक्क सांगत्याल. म्हनलं, हक्कच सांगायचा असता तर बाईनं पस्तीस वर्सं वाट बघितली असती व्हय?" आणि तिथंच, टेबलाच्या कडेला वाकून, त्यांनी तिकिटावर लिहावं तसं बारीक अक्षरात लिहून दिलं.

मॅडमनी फेरतपासणीचा आदेश सांगायला सुरुवात केली. बानूबाई काही खाली बसल्या नाहीत.

"अजून काय, आजी?"

"दर कसा काढता, त्ये सांगा की. आलीया तर इचारून जाते."

मॅडमनी सांगितलं. गेल्या तीन वर्षांतले आसपासचे खरेदीचे दस्त काढायचे. त्यातले वरच्या किमतीचे निम्मे धरायचे, त्यांची सरासरी घ्यायची. त्यावर गावाप्रमाणं गुणक, विहीर-पाइप-झाडांची किंमत वेगळी, आणि एवढं सगळं झाल्यावर तेवढीच रक्कम पुन्हा वर, कारण जमीन तुम्ही विकायला काढलेली नव्हती, सरकारला पाहिजे म्हणून देताय.

बानूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजी लंगडी-खरजुली बाजूला काढून, चांगल्या मेंढरांवर कळपाचा भाव."

मॅडमनी मान डोलावली. "हो. अगदी तसंच."

"मंग कायदा बराबर हाय," बानूबाईंनी निकाल दिला. "फकस्त माझं रान लंगड्यांत घालू नगा."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी चारशे आंबेवाल्यानं वाजवली.

पंधरा दिवसांनी तपासणीला माणसं आली. तीन ठिकाणी उकरलं, तिन्ही ठिकाणी पाइप लागला. इतका जुना, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून इतक्यांदा जोडलेला, की तो काल पुरलाय असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती. साहेबरावांनी मोटर चालू केली. वार मंगळवार होता, तरीही. चेंबरमध्ये पाणी उसळलं. बानूबाईंनी सगळ्यांना वाफ्याच्या कडेकडेनं चालायला लावलं, इंजिनिअरसाहेबांचा बूट एका रोपावर पडला तेव्हा त्यांना "पाय हाय का खोरं?" असं विचारण्यात आलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला सुधारलेली यादी लागली. बानूबाई करे, शेहेचाळीस गुंठे, बागायत. पुढं पाइपलाइन. पुढं चेंबर. साहेबरावांनी यादी मोठ्यानं वाचली, आधी एकदा बानूबाईंसाठी, मग एकदा चौकातल्या लोकांसाठी, मग एकदा फोनवर कोकणात बिरूसाठी. माझं कंत्राट मार्चमध्ये वाढलं नाही. त्याच महिन्यात बारामतीत दुसरीकडं काम मिळालं, पगार पाचशेनं जास्त. हे मी ऋषिराजला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मोबदला जमा झाला आणि मेच्या सुरुवातीला पिंपळीच्या तुकड्याचं खरेदीखत झालं. शेहेचाळीस गुंठे गेले, बावन्न आले. स्वतःची विहीर, कालव्याचं पाणी जवळ, आणि दगड एकही नाही. बानूबाई रानभर चालून आल्या, पायानं ढेकळं फोडत. "दगूड न्हाय तर बांध कशाचा घालायचा?" एवढीच तक्रार.

नव्या रानात पहिल्यांदा कळप बसवायचा होता. बिरू मेंढरं घेऊन वस्तीवरून पायी निघणार, दोन दिवसांचा रस्ता. मला निरोप आला : कबूल केलेला दिवस आता द्यायचा. मी नवे बूट घालून उजाडायला हजर झालो. इथं माझी दुसरी चूक झाली. मेंढरू चालताना दिसतं सावकाश, पण ते थांबत नाही. माणसाला वाटतं आता थांबेल, मग थांबेल, आणि ते पुढं गेलेलं असतं. बिरू तोंडानं काहीतरी 'ट्रर्र' करायचा आणि सव्वाशे मेंढरं वळायची. मी तसंच केलं तर फक्त एक कुत्रं वळलं, तेही माझ्या अंगावर. बारा वाजेपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. एक ओळखीचा टेम्पो दिसला. बिरू पुढं होता. मी कुणाला काही न बोलता मागच्या बाजूनं चढलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंपळीत टेम्पोनं ताजातवाना पोचलेला मी, आणि रस्त्यानं येणारा कळप. साहेबराव आधीच येऊन थांबले होते. रानाच्या तोंडाशी बानूबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन उभ्या. मेंढरं आत शिरली तसा त्यांनी भंडारा उधळला, मूठमूठ, वर, मेंढरांच्या पाठींवर, साहेबरावांच्या टोपीवर, माझ्या शर्टावर. "येळकोट येळकोट!" बिरू ओरडला, आणि बांधावरची सगळी वस्ती ओरडली. सव्वाशे पिवळ्या पाठी रानभर पसरल्या. थोडा वेळ फिरल्या, हुंगल्या, आणि मग एकेक करून पुढचे गुडघे मोडून बसल्या. छकुलीसारख्या काळ्या तोंडाचं एक कोकरू विहिरीकडच्या हौदावर गेलं. बानूबाई बघत राहिल्या, तोंडावर पदर न घेता, सगळे दात दाखवून हसत.

"काढ की फोटू," मला म्हणाल्या. "आन् ह्या बारीला बघून काढ."

काढला. बघून काढला. साहेबरावांच्या रानातही त्या साली आठ दिवस कळप बसला, पाण्याची गरज नसताना. ते म्हणाले, गाडी बंद करायला कुनी सांगितलंय?

राहता राहिली माझी उधारी. मला टेम्पोत चढताना बिरूनं वळून बघितलं होतं आणि लगेच सांगितलं होतं, त्यामुळं अर्धाच दिवस माझ्या नावावर जमा झाला. गेल्या महिन्यात बारामतीच्या बाजारात बानूबाई दिसल्या. कांद्याच्या गोण्यांवर बसलेल्या. मी वळून दुसऱ्या गल्लीत शिरणार तोच मागून आवाज आला.

"सुमितराव! ऱ्हायलेला अर्धा दीस कवा?"

"दिवाळीनंतर येतो की, मावशी."

"दिवाळीनंतर कळप कोकनात असतोय."

म्हटलं, "म्हणून तर."